निसटलेली चप्पल

उंब्रज

सूनबाई क्रांतीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई.

तुझ्या डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि तुला कळायचंबी न्हाई. दोन वर्षं मी त्याला आळस म्हणत आले. मग सांगलीच्या डॉक्टरांनी मणक्यातली गाठ दाखवली, रक्तवाहिन्यांची, लाखात एखाद्याला होणारी. "पाय कधीपासून बधिर आहे?" त्यांनी विचारलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "महिना झाला."

दोन वर्षं झाली, हे मी डॉक्टरांना सांगितलं न्हाई.

नऊ तासांच्या ऑपरेशनमधी गाठ निघाली, पण पायात जीव आला न्हाई. डॉक्टर म्हणाले, "आधी आणलं असतं तर पाय वाचला असता."

तू पाटणला माहेरी गेलीस. हे पत्र माझ्या पत्र्याच्या डब्यातच ठेवते. पाठवलं तर तू परत मलाच सांभाळून घेशील.

तुझी सासू,
बनुबाई