शेवटच्या स्टॉपच्या पुढे

ता. ४ ऑक्टोबर

वन्सं, तुमच्या भावानं आज पुन्हा गाडी माघारी वळवली. नमस्कार मागून येतोय, आधी हे वाचा.

डोंगर इतका जवळ होता की चरणारी बकरी काळी का तपकिरी ते दिसत होतं. वरच्या गावाच्या शेवटच्या बसस्टॉपला ह्यांनी गाडी थांबवली, काच पुसली, कपभर चहा घेतला आणि तोंड फिरवून निघाले. मी म्हटलं, अहो, डोंगर राहिला की. तर म्हणाले, पुढे आपला रूट नाही.

बरं, आता रीतीनं. सा. न. वि. वि. आम्ही खुशाल, म्हणजे हे खुशाल. उभा जन्म बस चालवली, आणि आता ही बिछाने नि शेगडी असलेली घरगाडी घेतली. गावोगाव हिंडू, डोंगर चढू म्हणाले. मला वाटलं माणूस निवृत्त झाला. कसला निवृत्त! स्टॉप दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. थांबले की माणसं चढतात. काल एक बेकरीवाली पावाचे ट्रे घेऊन चढली, माझ्या बिछान्यावर बसली, आणि मलाच म्हणाली जरा सरकून घ्या. मी सरकले. त्याचाच जास्त राग येतोय.

खालचं गाव ते वरचं गाव, वरचं गाव ते खालचं गाव, एवढीच आमची सफर. म्हणून तर तुमची पत्रं इथल्या पोस्टात बिनचूक मिळतात. फोनवर हे बोलता येत नाही. गाडीतले सगळे कान देऊन ऐकतात, वर सल्ले देतात.

परत आले की माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, नंतर घरात चालाल, बाजारात चालाल, डोंगर मात्र विसरा. मला एकदा माथ्यावर उभं राहायचंय, बस. त्याशिवाय जन्मात काही मागितल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

कुंड्यांना पाणी घाला, बदाबदा ओतू नका. लोभ आहेच, तुमच्या भावाच्या वाट्याचाही सध्या तुम्हीच घ्या.

वहिनी

ता. ९ ऑक्टोबर

ती. वहिनीस शि. सा. न.

पत्र वाचून हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. दादा पहिल्यापासून असाच. लहानपणी शाळेत पाठवला की फाटकाला हात लावून घरी यायचा, आणि जाऊन आलो म्हणायचा. आई मारायची, पण खोटं बोललास असं तिला कधी म्हणता आलं नाही.

कुंड्या ठीक आहेत, एक सोडून. कुठली, ते आल्यावर बघ आणि मग काय ते बोल. तुझा मुलगा रोज मला फोन करतो. आई कधी येणार, ऑपरेशनची तारीख हुकली तर डॉक्टर पुढची लवकर देत नाहीत, म्हणून माझा जीव खातो. मी काय सांगणार? ते दोन गावांच्या मध्ये आहेत, एवढंच सांगते.

आता मी सांगते ते कर. तू बायको म्हणून सांगतेस, तिथंच गाडं अडतं. कुठल्या ड्रायव्हरनं बायकोचं ऐकलेलं मी बघितलं नाही. पण कंडक्टरनं डबल बेल दिली की दादानं कधी का म्हणून विचारलं नाही. घरी जेवताना कंडक्टरची तारीफ करायचा आणि तू ताटात भाजी आपटायचीस, आठवतं ना? तेव्हा बायको असणं चार दिवस बाजूला ठेव आणि कंडक्टर हो.

माथ्यावर पोचलीस की माझ्यावर लोभ कर, तोवर चिडलीस तरी चालेल.

तुझी नणंद

ता. १६ ऑक्टोबर

वन्सं, सा. न. वि. वि.

झाले कंडक्टर. बाजाराची पिशवी गळ्यात अडकवली आणि शेवटच्या स्टॉपला मागच्या दारात उभी राहिले. हे चहा पीत होते. मी पळीनं ताटली दोनदा बडवली. कप तसाच टाकून आले, बसले, आणि गाडी सरळ पुढे काढली. का नाही, कुठे नाही! तुमच्या भावाची मान तेवढी लाकडासारखी ताठ झाली होती.

गाडीत बेकरीवाली होती. एक न्हावी होता, आणि त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं. त्या गिऱ्हाइकाला घाई होती, म्हणून न्हावी उरलेली दाढी गाडीत करत होता. स्टॉप मागे पडला तरी कोणी हूं का चूं केलं नाही.

रस्ता कुंपणापाशी संपला. पुढे पायवाट. मी म्हटलं चला, तर हे म्हणाले, गाडीत प्रवासी असताना ड्रायव्हर गाडी सोडत नाही. मग मी घसा साफ केला आणि जाहीर केलं की गाडी बंद पडलीय, सगळ्यांनी खाली उतरून चालायचंय. वन्सं, उतरले! कुरकुरत, मला शिव्या घालत, पण उतरले. बेकरीवाली ट्रे डोक्यावर घेऊन म्हणाली, तक्रार करीन. हे आपले ज्याला त्याला पटवतायत की इंजिन ठणठणीत आहे. ऐकतो कोण? शेवटी पटवत पटवत तेही डोंगर चढले.

माझे गुडघे मला शिव्या देत होते आणि मी त्यांना. न्हाव्यानं आधाराला हात पुढे केला, पण दुसऱ्या हातात वस्तरा होता. त्याला म्हटलं, बाबा, तू पुढे हो.

माथ्यावर उभी राहिले. रडले बिडले नाही. वारा होता, वाऱ्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं. पलीकडे आणखी एक गाव होतं, नदी होती, आणि नदीच्या कडेनं रस्ता. पाव खाल्ले. बेकरीवालीनं तक्रार मागे घेतली. हे मात्र एका जागी उभे. हळूच मला विचारलं, तो रस्ता कुठे जातो. मला काय माहीत, म्हटलं. मग म्हणाले, घरी जायला तिकडूनही वाट असेल, नाही?

खाली आलो. गाडी शेवटच्या स्टॉपला परत आणली, न्हावी नि गिऱ्हाईक उतरले. मी पळी हातात घेतली नव्हती, बेल दिली नव्हती. आणि तुमच्या भावानं गाडी माघारी खालच्या गावाकडे न वळवता डोंगराला वळसा घालणाऱ्या उजवीकडच्या रस्त्याला घातली. आपणहून. मी तोंड बंद ठेवलं, ह्याची नोंद घ्या.

तर आता आम्ही डोंगराच्या पलीकडून घरी येतोय. हा रस्ता घरी येतो की नाही, ते ह्यांना माहीत नाही, मलाही नाही. बेकरीवाली म्हणते येत असावा. ती गाडीतच आहे. गुडघे कलिंगडाएवढे झालेत, ऑपरेशन करणारच आहे, पळून जात नाहीये.

आमचा लोभ गाडीबरोबर हलतो आहे, पोचेल तेव्हा घ्या. मुलगा विचारेल, तारीख हुकली तर काय. त्याला उत्तर तुम्ही द्यायचं. मला कोणी काही विचारायचं नाही, मी ड्युटीवर आहे.

वहिनी