गाण्याच्या शेवटची गुणगुण

प्रिय मावशी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? (गेल्या आठवड्यात माझ्या नावाने कोणी मेसेज करून गुडघ्याची फार आपुलकीने चौकशी केली असेल, तर तो मी नव्हे. एवढी आपुलकी पाहूनच तुला शंका यायला हवी होती.) माझी सगळी अकाउंटं त्या माणसाच्या ताब्यात आहेत. नव्या नंबरवरून फोन केला, तर तू उचलत नाहीस. अनोळखी नंबर उचलू नकोस हे मीच शिकवलेलं. म्हणून हे पत्र. अक्षर लावून घे.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी कपाट-पलंगाच्या मधल्या फटीत बसून गाणी तयार करायची, हा माझा उद्योग तुला ठाऊक आहे. ती नेटवर टाकतो. ऐकणारे दोघं, दुकानातला काचा घासणारा आणि तू. (तो भिडेखातर ऐकतो.) ‘लाखो श्रोते मिळवून देतो, आधी फी भरा’ असले मेसेज रोज येतात, त्यांना मी भीक घालत नाही. पण मागच्या महिन्यात एका संगीत कंपनीच्या साहेबाने फी मागितलीच नाही. त्याने एवढंच लिहिलं, की गाण्याच्या शेवटी कोणी बाई गुणगुणतात ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मावशी, मी विरघळलो गं. आई भांडी पुसताना गुणगुणायची, ते मी तिच्या शेवटच्या आजारपणाआधी गुपचूप टिपून ठेवलं होतं. त्याबद्दल आजवर एकानेही विचारलं नव्हतं. मी त्याला आईचं सगळं सांगत बसलो. मग त्याने मूळ रेकॉर्डिंग मागितलं, करारावर सही मागितली (बारीक अक्षरं, मी वाचली नाहीत) आणि फोनवर आलेला कोड मागितला. दिला.

अकाउंटं गेली, त्यांत साठवलेलं सगळं गेलं, आईचं ते रेकॉर्डिंगही. वर नोटीस आली, की गाण्यातला बाईचा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा असून मी तो चोरला आहे. ज्यांचा आवाज आहे त्यांची लेखी परवानगी आणा म्हणतात. हे वाचून मी आधी खूप हसलो. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसायला घेतली, तर ती चाल काही केल्या आठवेना. तिथेच बसून रडलो.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्यानंतर तो कोड मागतो. देऊ नकोस.

आणखी एक. फोनमधलं तू काहीच पुसत नाहीस म्हणून आम्ही तुला हसतो. आई तुला बोलून मेसेज पाठवायची. त्यात एखाद्या ठिकाणी, बोलता बोलता, ती गुणगुणली असेल. शोधशील?

आणि कोड आधीच दिला असशील, तर मला इतक्यात सांगू नकोस. शोधतेय, एवढंच म्हण.