तुझ्या ओट्यावरचा नाताळ

आई,

गेल्या आठवड्यात तुझ्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू रागावून का होईना, पण ऐकशील. वरच्या मजल्यावरचं, तुझंच स्वयंपाकघर. तोच काळा ओटा, ज्याच्यावर चातुर्मासात मी चुकून कांदा ठेवला तर तू मला कांद्यासकट बाहेर काढायला निघायचीस. मी खाल्ली नाही, घाबरू नकोस. तुझ्या भांड्यांनाही हात लावू दिला नाही, त्यांनी त्यांची पातेली आणली होती. पण शिजली माझ्या परवानगीने, आणि नेमकं बोलायचं तर तुझ्या परवानगीने. ते कसं, ते सांगायलाच बसले आहे.

तुला जाऊन वीस वर्षं होत आली. बाबांनी निवृत्तीनंतर इथे भोपाळच्या आनंद नगरात बांधलेलं हे घर अजून धड आहे, मीच तेवढी धड नाही. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून मी खाली राहायला आले आणि वरचा मजला भाड्याने देते. रायसेन रोडवर आता इतकी कॉलेजं झाली आहेत की पाटी लावावी लागत नाही, किरायेदार आपणहून दार वाजवतात. यंदा पावसाळा सरल्यावर दोन मुली आल्या, इथिओपियाच्या, फार्मसी शिकायला आलेल्या. थोरली उंच आणि बोलकी. धाकटी तिची मामेबहीण, दिवाळीपासूनच स्वेटर-शाल-कानटोपीत गुंडाळलेली, आणि बोलायचं झालं तर बहिणीच्या कानात. मी माझे शाळामास्तरणीचे नियम ऐकवले: पाणी जपून, गेट वेळेवर बंद, आणि नॉनव्हेज अजिबात नाही, ये मेरी मम्मी की किचन है. थोरली म्हणाली, "ओके आंटी, नो प्रॉब्लम." असं सगळेच म्हणतात, आणि मग आठवडाभरात कचऱ्याच्या पिशवीत अंड्याची टरफलं निघतात. यांच्या पिशवीत निघाली नाहीत. मी बघत होते, खोटं कशाला बोलू.

पंचवीस डिसेंबरला मी मोठ्या हौसेने बेकरीतून केक आणला. परमुलखातल्या पोरी, घरापासून दूर पहिला नाताळ, कोणीतरी काहीतरी करायला नको का? गुडघे धरत धरत जिना चढले. थोरलीने केक दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि मग इतकी अवघडली की मला वाटलं, रडते की काय. "आंटी, सॉरी. अभी हमारा व्रत है." व्रत! हा शब्द त्या कॉलेजातल्या मैत्रिणींकडून शिकल्या होत्या. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांचा नाताळ जानेवारीत असतो, आणि त्याआधी महिनाभराहून जास्त दिवस दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मांस तर नाहीच. केकमध्ये यातलं बहुतेक सगळं होतं. आई, आपण एका एकादशीला साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस आणि वर बर्फी असा उपास करणारी माणसं! या पोरी महिनाभर डाळ, भाज्या आणि पाव खाऊन लेक्चरला जात होत्या, आणि मी कचऱ्याच्या पिशव्या तपासत होते. मी केक परत खाली आणला आणि चार दिवस एकटीने खाल्ला.

त्यानंतर माझं वर जाणं वाढलं. त्यांना आंबवलेल्या पिठाचे मोठे, जाळीदार घावन करायचे होते, आपल्या आंबोळीच्या जातीचे, पण घावन म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. त्यांच्याकडचं धान्य इथे मिळेना, म्हणून रागीचं पीठ भिजवून बसल्या होत्या आणि भोपाळच्या थंडीत ते ढिम्म हलत नव्हतं. मी पातेलं माझ्या जुन्या शालीत गुंडाळून गीझरच्या वर ठेवायला लावलं, तू विरजण ठेवायचीस तसं. दुसऱ्या दिवशी पीठ वर आलं तेव्हा धाकटी पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "आंटी, बबल!" एवढंच म्हणाली. मला शाळेत आदर्श शिक्षिका म्हणून शाल दिली होती, त्यापेक्षा बरं वाटलं.

सण आठवड्यावर आला तेव्हा थोरली एकटी खाली आली. खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाली, त्या दिवशी उपास सुटतो, आणि तो एका रश्श्याने सोडतात. भरपूर कांदा तासन्‌तास परतायचा, त्यात कोंबडी आणि उकडलेली अंडी. घरी आजी करते. ते नसलं तर सण झाला असं धाकटीला वाटणारच नाही, ती रोज रडते, परत जायचं म्हणते. "सिर्फ एक दिन, आंटी. नहीं तो हम कुछ और बना लेंगे. आलू बना लेंगे." हे बटाट्याचं ती फार शहाणपणाने म्हणाली. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. वेळ मारून न्यायला मी म्हटलं, "किचन मम्मी की है ना. उनसे पूछना पड़ेगा." तिने मान हलवली आणि गेली. ती गेल्यावर लक्षात आलं की मी 'थी' म्हणायला विसरले होते.

आता विचारायचं कोणाला? मी दोन दिवस तुझ्याशी वाद घालत होते. तू काय म्हणाली असतीस ते मला तोंडपाठ आहे. कॉलेजात असताना मैत्रिणीकडे आम्लेट खाऊन आले होते, तर तू मला ओट्याला शिवू दिलं नव्हतंस. "खायचं तर तिकडेच राहायचं," म्हणालीस, आणि आठवडाभर माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. बाबा मध्ये पडले तर त्यांचंही. हे सगळं मला आठवत होतं. पण त्याच्याबरोबर दुसरंही एक आठवत होतं, आणि ते जास्त जोरात.

आपली इथली पहिली संक्रांत. बाबांना कारखान्यात नोकरी लागून आपण सांगलीहून आलो त्याच हिवाळ्यातली. मी किती लहान होते, तरी ते क्वार्टर मला दिसतं, त्याचं हिरवं दार, पुढची तुटकी कुंपणाची तार. तू महिनाभर तयारी करतेस. रस्त्याच्या कडेला गाडीलोहारांच्या पालांपाशी मला घेऊन जातेस आणि लुटायला लोखंडी पळ्या घेतेस, फोडणीच्या. पुण्या-सांगलीत बायका प्लास्टिकचं काहीतरी देतात, आपण कामाची वस्तू देऊ म्हणतेस. मग दारोदार जाऊन तुझ्या त्या हिंदीत बोलावणं करतेस, "हमारे यहाँ हळदीकुंकू को आना, जरूर आना." समोरच्या चाची, शेजारची पंजाबी काकू, मागच्या ओळीतल्या सगळ्याजणी येतात. तू नवी काळी चंद्रकळा नेसलेली, नाकात नथ, किती सुंदर दिसतेस. प्रत्येकीला कुंकू लावतेस, हातावर तीळगूळ ठेवतेस, आणि ओटीत ती काळी पळी. बायका एकमेकींकडे बघतात. हसतात, पण कसंतरीच. चहा न घेता उठतात. तू मला म्हणतेस, "लाजतात गं, नवीन आहोत ना आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या बूथवर गेले होते. वाटेत पिंपळाखाली शनीचा शेंदूर लावलेला दगड होता, तेलाने माखलेला. त्याच्यापुढे आपल्या पळ्या पडलेल्या. सगळ्या. काहींत तीळगूळही तसाच. मला इतका आनंद झाला! फ्रॉकच्या ओच्यात सगळ्या भरल्या आणि धावत घरी आले. "आई, आपल्या पळ्या सापडल्या!" म्हणून ओरडले. तू कणीक मळत होतीस. तू पळ्यांकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि हात तसेच ठेवून उभी राहिलीस.

समोरच्या चाची बिचाऱ्या दुपारी येऊन समजावून गेल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "बहू, काली साड़ी, ऊपर से तिल, और ऊपर से लोहा. ये तो हमारे यहाँ शनि उतारने को देते हैं. सब डर गईं, बाल-बच्चों वाली हैं. तुमको किसी ने बताया नहीं?" तू त्यांच्यासमोर हसलीस, कपाळावर हात मारून घेतलास, त्यांना चहा पाजलास. बाबा संध्याकाळी ऐकून पोट धरून हसले. तू हसली नाहीस. तू मोरीत जाऊन नळ सोडलास आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी दाराशी बसून होते. मला वाटत होतं, मी पळ्या आणल्या म्हणून तू रागावलीस.

पुढच्या वर्षी तू पिवळी साडी नेसलीस, चाचींकडून शिकून तिळाचे लाडू आणि खिचडी केलीस, आणि सगळ्याजणी हसत खेळत बसल्या. तुझं कौतुक झालं. "महाराष्ट्र वाली भाभी तो बिल्कुल अपने जैसी हो गईं." तू काळी साडी पुन्हा कधी नेसली नाहीस, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणालीस, "इथे राहायचंय ना? मग इथल्यासारखं राहायचं." आवाजात तक्रार नव्हती. तीच मला सहन होत नाही, आई, ती नसलेली तक्रार. त्या मुलीने "आलू बना लेंगे" म्हटलं ना, तेव्हा मला तीच ऐकू आली. मला तिला तुझ्याइतकं शहाणं होऊ द्यायचं नव्हतं. निदान माझ्या घरात तरी नाही.

तिसऱ्या दिवशी मी जिन्याखालून हाक मारली आणि सांगितलं, "मम्मी ने हाँ बोल दिया."

सणाच्या दिवशी पहाटेपासून कांदा परतायला घेतला होता. दुपारपर्यंत तो वास, मग तिखटाचा, मग तुझ्या ओट्याने जन्मात न घेतलेला तो दुसरा वास खालपर्यंत आला. मी उदबत्ती लावली, आणि मग लाज वाटून विझवली. मुलींनी गॅलरीत हिरवं गवत पसरलं होतं, तशी त्यांची रीत. दोघी पांढऱ्याशुभ्र सुती कपड्यांत, काठाला रंगीत नक्षी, डोक्यावरून पांढरीच ओढणी. समोरची शर्माजींची सून गेटपाशी येऊन हळूच, सुतकाच्या घरी विचारावं तसं मला विचारते, "आंटी, ऊपर किसी की गमी हो गई क्या? सब सफेद पहने हैं."

आई, माझा आवाज असा चढला की ती एक पाऊल मागेच सरकली. "गमी क्यों होगी? त्योहार है उनका! चलो, ऊपर चलो मेरे साथ." तिला कारण कळलं नाही. मी तिचं मनगट धरूनच वर नेलं. ती दाराशी बसली, नाकाला पदर लावून, कोंबडीच्या पातेल्याकडे पाठ करून. मीसुद्धा पाठच केली होती, म्हणजे आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून सण साजरा करत होतो. पण मग त्यांनी कॉफीच्या हिरव्या बिया तिथेच भाजायला घेतल्या आणि धूर निघाल्यावर तवा प्रत्येकीच्या नाकापुढे आणला, वास घ्या म्हणून. सुनेचा पदर खाली आला. तिने त्यांनी पुढे केलेल्या लाह्या खाल्ल्या, कॉफी घेतली, दुसरा कप मागून घेतला. धाकटी सुनेला मोबाइलवर आपली आजी दाखवत होती आणि एकमेकींचं अक्षरही कळत नसताना दोघी बराच वेळ बोलल्या. रश्शाचा पहिला घास थोरलीने धाकटीच्या तोंडात घातला. तेवढं मी मान वळवून बघितलं. धाकटी चावता चावता रडत होती आणि आणखी मागत होती.

निघताना थोरलीने माझ्या हातात एक गोल, जाड पाव दिला, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, अजून गरम. म्हणाली, यात अंडं-दूध काही नाही, मुद्दाम वेगळा केला. "ये मम्मी के लिए. उन्होंने हाँ बोला ना." त्यांच्या समजुतीने तू पुण्यात माझ्या भावाकडे असतेस. हे मी सांगितलेलं नाही, पुण्याहून त्याचे फोन येतात ते ऐकून त्यांचं त्यांनीच ठरवलंय. मी फक्त नाही म्हटलं नाही. पाव खाली आणला आणि दुधात बुडवून खाल्ला. चांगला होता.

तू खरंच हो म्हणाली असतीस का? मी आठवडाभर ठरवते आहे आणि ठरत नाही. कदाचित तू म्हणाली असतीस, मी काळी साडी सोडली, त्यांनी एक दिवस कोंबडी सोडली तर काय बिघडतं. तुला तसं म्हणायचा हक्कही होता. हे पत्र लिहून मी कुठे पाठवणार नाही, तू उत्तरही देणार नाहीस, त्यामुळे निकाल माझ्याच बाजूने लागतो, याचा मी थोडा गैरफायदा घेतला आहे.

पण एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी कॉलेजला जाताना थोरली जिन्यातून विचारते, "आंटी, मम्मी कैसी हैं?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी कणीक मळता मळता म्हणते, "ठीक हैं." आणि तिने उद्याही विचारावं म्हणून, तू नाहीस हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.