लहान मापाचे हातमोजे

आप्पा, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती, आणि गेल्यावर लोक म्हणाले, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. वाईट नाहीच बोलत मी, झालं तेवढं बोलते. आपलेच दात अन् आपलेच ओठ म्हणून इतकी वर्षं गिळून बसले. पण गेल्या रविवारी माझ्या नातीने शिरूरच्या या घरात, माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, फोटोच्या औषधांच्या बाटल्या आणून मांडल्या, आणि एका बाटलीचं बूच उघडल्याबरोबर मी यवतला, आपल्या फोटोच्या दुकानामागच्या काळ्या खोलीत जाऊन उभी राहिले.

नात सणसवाडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे, सुट्टीला माझ्याकडे येते. तिने कुठून तरी जुना रोलचा कॅमेरा पैदा केलाय. म्हणते, "आजी, फोनवर शंभर काढायचे न् नव्याण्णव पुसायचे. यात छत्तीसच. बघून, थांबून काढावा लागतो." ऐकून बरं वाटलं. तुम्हीही हेच म्हणायचात. पण पुढे म्हणाली, "रोल घरीच धुणार. तुला येतं ना? शिकव." मी आधी माझे हात पदराखाली घेतले. का घेतले, ते तिला कळलं नाही. तुम्हाला कळेल.

त्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती तुम्ही विटा लावून बुजवली, उजेड येतो म्हणून. उजेड अडवला ते ठीक, पण वाराही अडवलात. लाल दिव्याखाली तीन ट्रे. पहिल्यात चित्र उठवणारा डेव्हलपर, दुसऱ्यात व्हिनेगरच्या वासाचं आंबट पाणी, तिसऱ्यात चित्र पक्कं करणारा हायपो. अकरा वर्षांची असल्यापासून मी त्यात कोपरापर्यंत हात घालत होते. चिमटे आणा म्हटलं तर म्हणायचात, "चिमट्यानं कागदाला वरखडा पडतो. देवानं दहा चिमटे दिल्यात की!" पावडर पाण्यात कालवताना खोलीभर धुरळा उडायचा, मी शिंकून शिंकून बेजार. तुम्ही म्हणायचात, "शिंक आली म्हंजी डोकं मोकळं झालं." आणि औषध अजून चालतंय का बघायचं म्हणजे त्यात बोट बुडवायचं आणि अंगठ्यावर चोळायचं. बुळबुळीत लागलं तर जिवंत, साध्या पाण्यासारखं लागलं तर मेलं. "नखं काळी न्हाईत त्यो फोटोग्राफर न्हाई," हे तुमचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाला पावती देताना तुम्ही ती नखं मुद्दाम पुढे करायचात, एखाद्याने अंगठी मिरवावी तशी.

आई तेवढी बोलायची. हायपोचे खडे तुम्ही खडीसाखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत. आई म्हणाली, "ह्याच्यावर कायतरी लिवा." तुम्ही म्हणालात, "तुला वाचता कुठं येतंय?" झालं. पासपोर्ट फोटोला आलेल्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या मामांना ठसका लागला, आणि आईने भलेपणाने त्याच डब्यातला खडा त्यांच्या हातावर ठेवला. मामांनी तोंडात टाकला, थुंकला, चुळा भरभरून अंगण ओलं केलं. आई रडायला आलेली, आणि तुम्ही पोट धरून हसताय. "मामा, आता काळजी न्हाई. आतनं पक्कं झालात. तुमचा फोटो कवा उडायचा न्हाई!" मामाही हसले. सगळी वस्ती आठवडाभर हसली. आई तेवढी हसली नाही. तिने त्याच दिवशी डब्याला लाल दोरा बांधला. अक्षर येत नसलेल्या बाईला जे सुचलं, ते तुम्हाला का सुचू नये?

मग माझे हात उलायला लागले. आधी बोटांच्या पेरांत खाज, मग बारीक पुरळ, मग चिरा. मीठ लागलं की जीव जायचा. "आप्पा, आग होतीया." "काय होत न्हाई पोरी, उष्णता हाय. खोबऱ्याचं तेल लाव." लावलं. दुसऱ्या दिवशी लग्नसराईचे रोल होते, परत हात ट्रेमध्ये. बघायला पाहुणे आले तेव्हा आईने माझे हात पदराखाली ठेवायला सांगितले. पाहुण्यांतली एक बाई चतुर होती. "पोरीच्या हाताला काय झालंय?" तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "भिंतींना चुना देत व्हती. चुन्यानं उललं." ते स्थळ गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. शिरूरकरांनी पसंत केलं, पण सासूबाईंनी वर्षभर मला पीठ मळू दिलं नाही. नव्या नवरीने सगळ्यांनी जेवताना लांब बसून भांड्यांकडे बघायचं, याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नाही. मला आहे.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी दौंडच्या डॉक्टरांनी निदान केलं. म्हणाले, डेव्हलपरच्या पावडरीचं हे काम. एकदा अंगाने वाकडं घेतलं की जन्मभर घेतं, थेंबही चालायचा नाही. मी विचारलं, आधी काय करायला हवं होतं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं अडाण्याकडे बघतात. "हातमोजे घालायचे, बाई." एवढंच? एवढंच! औषधाच्या खोक्यातून दरवेळी छापील कागद यायचा. इंग्रजीत होता, पण समोरच हायस्कूल होतं, कुणीही मास्तरांनी वाचून दिला असता. त्या कागदाच्या घड्या तुम्ही डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातल्यात.

म्हणून रविवारी मी नातीपुढे कडक मास्तरीण झाले. ओट्यावरून सगळं उचलायला लावलं. जिथे भाकरी थापायची तिथे हे विष नाही. मोरीत स्टूल टाकलं, खिडकी उघडली, पंखा बाहेरच्या तोंडाने लावला. मापाचा पेला वेगळा, चमचा वेगळा, परत स्वयंपाकात यायचा नाही. पावडर हळू, तोंडाला मास्क बांधून. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधी नाही. वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवायचा. तुम्ही तो मागच्या लिंबाच्या बुडाशी ओतायचात, लिंबू वाळला, आणि दोष मात्र मातीला दिलात. नातीने बाटल्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्याच होत्या. तरी मी प्रत्येकीला लाल दोरा बांधला. ती म्हणाली, "आजी, करणी काढतीस का?" मी म्हटलं, "व्हय, तुझ्या पणज्याची."

डेव्हलपर चालू आहे का, हे बघायचीही तिची रीत ऐका. रोलचं पुढचं वाया जाणारं टोक कापलं, चिमट्याने बाटलीतल्या औषधात सोडलं. काळं पडलं की जिवंत. बोट नाही, काही नाही. तुमच्या दुकानात असली टोकं केरात ढिगाने पडलेली असायची, आप्पा.

आता खरं भांडण. तुमची ट्रंक मी तुमच्या तेराव्यानंतर उघडली. तुमच्या लग्नाच्या फेट्याखाली, कागदात गुंडाळलेले रबरी हातमोजे होते. नवे कोरे, कधी न घातलेले. उकाड्याने एकमेकांना चिकटले होते, सोडवायला गेले तर फाटले. मला आधी वाटलं, चांगली वस्तू म्हणून जपून ठेवली असेल, आपल्या लोकांची खोडच ती. मग मी एक हाताला लावून बघितला. लहान मापाचे होते. तुमचा पंजा त्यात शिरलाच नसता. माझा बरोबर बसला.

दोन वर्षांनी डॉक्टर बोलले तेव्हा त्या मोज्यांचा अर्थ लागला. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पुण्याला मालाला गेलात तेव्हा दुकानदाराला माझ्या हाताचं माप सांगून तुम्ही ते आणलेत. मग दिले का नाहीत? दिले असते तर कबूल करावं लागलं असतं, म्हणून? चुन्याची थाप उघडी पडली असती, म्हणून? तुम्हाला समजलं नव्हतं, असं मानून मी तुम्हाला माफ करत आले असते. त्या मोज्यांनी तीही वाट ठेवली नाही.

नातीचा रोल छान निघाला. ओली पट्टी तिने दोरीवर लावली आणि ती दाखवायला शेजारच्यांना बोलवायला गेली. तिने मोरीतलं आवरायला मला बजावून मोजे दिले होते. मी ते घातलेही. मग डेव्हलपरच्या बाटलीचं बूच लावता लावता काय झालं कुणास ठाऊक, उजव्या हाताचा मोजा काढला आणि बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत होतं.

आज बुधवार. बोट सुजलं आहे, पेराला दोन चिरा पडल्यात, हे लिहिताना पेन टोचतं आहे. हे पत्र तुमच्या फेट्याच्या घडीत ठेवीन, दुसरीकडे ते जाणार कुठे. मघाशी नातीने फोनवर बोट बघितलं. "आजी, हे काय झालं गं?"

मी म्हटलं, "काय होत न्हाई. तव्याला चिकटलं."