हरकत नाही

४ फेब्रुवारी १९७८
नाही जाणार! बाळंतपणाला माहेरी चिपळूणला जायचं नाही. इथे आखातात, मनामातच करायचं, ठरलं म्हणजे ठरलं. मागच्या खेपेला माहेरी जाताना एस.टी.तच दुखायला लागलं आणि सगळं संपलं. आईचं पत्र आलंय, 'परक्या मुलखात कोण करणार तुझं?' राजन सलमाबादच्या वर्कशॉपमधून दमून आला, तर त्याचंही तेच — "आईंचं ऐक ना, मेधा." नाही ऐकणार.

७ फेब्रुवारी
मराठीतल्या अरबी शब्दांचा नाद काही सुटत नाही. प्रबंध लग्नामुळे अर्धा राहिला, पण इथे तर शब्दांचं माहेरच दारात! आज कोपऱ्यावरचा दुकानदार हुसेन मला 'गरीब' म्हणाला. मी भडकले — नवरा इंजिनिअर आहे माझा! तेव्हा त्याने मोडक्या हिंदीत समजावलं, 'गरीब' मतलब परदेसी. म्हणजे आपल्याकडे पोचेपर्यंत परका माणूस कंगाल झाला वाटतं! राजनला सांगितलं तर म्हणे, "शब्दांनी पोट भरतं का?" माझं भरतं.

१३ फेब्रुवारी
सातवा लागला. इतकी पुढे कधीच आले नव्हते. भीती वाटते.

२१ फेब्रुवारी
काय फजिती! तपासणीला गेले होते. नर्स महमुदा इथलीच, हिंदी जेमतेम. पोटावर हात ठेवून विचारते, "हरका? हरका?" मला वाटलं, तपासायला हरकत आहे का विचारतेय. मी ठसक्यात, "हरकत नाही! अजिबात नाही!" तिचा चेहराच उतरला. धावत सुटली डॉक्टरीणबाईंना आणायला.
अरबीत हरकत म्हणजे हालचाल! आणि 'नाही' तिला हिंदीमुळे कळलं. म्हणजे मी काय सांगून बसले — पोटात हालचाल नाही! हा शब्द मला पाठ होता की. पण ऐन वेळी जीभ चिपळूणची.
डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं, पुन्हा इकडे. "हिलता है, बहुत हिलता है!" मी ओरडतेय, पण त्या ऐकतील तर शपथ! शेवटी एवढंच, "कल एक्सरे." कारण सांगेनात. राजनला सांगितलं, तर पुन्हा तेच — "आईंचं ऐकलं असतंस तर!" मी त्याच्यावर चिडले, मग रडले.

२२ फेब्रुवारी
एक्सरेत दोन डोकी. दोन! जुळं आहे, दोघंही ठीक. विमानात बसायचं नाही, डॉक्टरीणबाईंचा हुकूम. आईला तार केली — तूच ये.