दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

प्रिय भोवऱ्या,

पाकीट बघून हसशील. दोन गल्ल्या सोडून राहणारी बहीण पत्र कसलं लिहिते! पण समोर बसले की तू थट्टा सुरू करतोस आणि माझं बोलणं राहून जातं.

तुझ्या पोटात प्लीहेजवळ गाठ दिसली, तेव्हा आमच्या हॉस्पिटलच्या स्कॅन विभागात तुला मीच बोलावून घेतलं. तुझं रक्त काढलं, त्यात किरणोत्सारी औषध मिसळलं, गरम पाण्यात पंधरा मिनिटं शेकलं आणि पुन्हा तुझ्याच हातात टोचलं. ताई, माझं रक्त उकडतेस होय, म्हणून तू चिडवलंस. शेकलेल्या रक्तपेशी प्लीहा ओढून घेते आणि कॅमेऱ्यात उजळते, हे मी तुला सांगितलं होतं. गाठही उजळली तर ती प्लीहेचाच तुकडा, मग निर्धास्त राहायचं. काळी राहिली तर ते वेगळंच काहीतरी. कॅमेऱ्याखालच्या त्या टेबलावर वीस वर्षं मी लोकांना झोपवते आहे, पण तुझ्या अंगावरची चादर मी तीनतीनदा सारखी केली.

तू हललास, चित्र बिघडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि चार दिवसांनी तुला परत यावं लागलं. आईने फोनवर झापलं तुला, की एवढा घोडा झालास तरी अर्धा तास गप्प पडता येत नाही. तू माझी माफीसुद्धा मागितलीस. दुसऱ्या वेळी श्वासही जपून घेत होतास. डोळ्यातून पाणी कानात गेलं, तरी पुसायला हात उचलला नाहीस. काचेपलीकडून ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भोवऱ्या, तू हलला नव्हतास. पहिलं चित्र स्वच्छ होतं. प्लीहा लख्ख उजळली होती, गाठ काळी होती. ते मी डॉक्टरांपर्यंत जाऊच दिलं नाही. रक्त नीट शेकलं नसेल, माझाच हात चुकला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि तुला पुन्हा सुई टोचली. दुसऱ्या चित्रातही गाठ काळीच आहे. कॅन्सरच असेल असं नाही, तुकडा काढून तपासावा लागेल. पण मला फार भीती वाटते आहे रे. उद्या डॉक्टर रिपोर्ट सांगतील. तेव्हा तू त्यांना म्हणशील, मीच हललो असेन, आणखी एकदा घ्या. तसं म्हणू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच, शिव्या खायला तयार असलेली,
ताई