न्हाव्याने ऐकलेली गाणी

अहो,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. जो तो म्हणतो, "आमच्या घरातलेच होते ते." ऐकून माझा नुसता जळफळाट होतो. काल तर तुमचा न्हावी म्हणाला, "वहिनी, दर रविवारी काय गायचे हो दादा! मी वस्तरा बाजूला ठेवून ऐकत बसायचो."

घरी चाळीस वर्षांत साधं गुणगुणला नाहीत. मी विचारलं, "मग घरी का नाही गायले?"

तो चाचरत म्हणाला, "म्हणायचे, ती हसते."

अहो, एकदाच हसले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी! तेही लाजून.

उद्या दुकानात जाऊन तुमच्याच खुर्चीत बसणार आहे. त्याच्याकडून एकूणएक गाणं म्हणून घेतल्याशिवाय उठणार नाही.

तुमची,
या सगळ्यांच्या आधीची